जगाचा पंप आणि गांवची बारव



जागतिकीकरण हा शब्द उच्चारतांच मोठमोठीं बंदरें आणि बाजारपेठा डोळ्यांपुढें येतात. परंतु त्याची खरी परीक्षा खेड्यांतील पाणवठ्यावर होते.

परभणी जिल्ह्यांतील सेलू तालुक्यांत वालूर गांवीं एक वर्तुळाकार बारव आहे. तिच्या पायऱ्या सर्पाच्या वेटोळ्याप्रमाणें फिरत पाण्याकडे उतरतात. अशा बारवेचें पाणी अनेकांचें, म्हणून गाळ उपसण्याची काळजीही अनेकांची. मात्र जुन्या पाणवठ्यांवर सर्वांचा हक्क सारखा नसे. त्यासाठीं डॉ. आंबेडकरांना १९२७ सालीं महाडास चवदार तळ्याचा सत्याग्रह करावा लागला.

पुढें विंधणविहिरी आल्या, हातपंप आले. आरंभीचे ओतीव लोखंडाचे पंप पाश्चात्त्य देशांत एकेका कुटुंबासाठीं योजिलेल्या नमुन्याचे होते. सबंध गांव त्यांवर पाणी भरूं लागतांच ते मोडत. तेव्हां जालन्याच्या मिशनऱ्यांनीं पोलादाचा बळकट पंप घडविला, सोलापूरास त्यांत सुधारणा झाली आणि १९७० नंतरच्या दशकांत युनिसेफच्या साह्यानें त्यावरून ‘इंडिया मार्क दोन’ हा पंप तयार झाला. त्याचें पेटंट घेतलें गेलें नाहीं. म्हणून तो आफ्रिकेंतील खेड्यापाड्यांतही पोंचला. मराठवाड्यानें जगापासून घेतलें, तसें जगाला दिलेंही.

पण सोय वाढली तसें जुनें कर्तव्य सैल झालें. पाणी दाराशीं मिळूं लागल्यावर बारवेंत कोण डोकावणार? महाराष्ट्रांतील कित्येक बारवा गाळानें आणि झुडुपांनीं भरून गेल्या. वालूरच्या बारवेचीही तीच गत झाली होती. अखेर गांवकऱ्यांनींच श्रमदानानें ती मोकळी केली, आणि २०२२ सालीं तिचें चित्र डाक खात्याच्या पोस्टकार्डावर झळकलें. याच सुमारास ‘महाराष्ट्र बारव मोहिमे’च्या कार्यकर्त्यांनीं राज्यांतील बारवांचीं ठिकाणें इंटरनेटवरील नकाशावर नोंदविलीं. नकाशा परदेशी कंपनीचा; कुदळ मात्र गांवची.

यंत्र बाहेरून आणतां येतें, नकाशाही आणतां येतो. सार्वजनिक वस्तु आपली मानण्याची वृत्ति मात्र आणतां येत नाहीं. ती ज्याची त्यानें जोपासावी लागते. जुन्या बारवेचें सामायिक कर्तव्य आणि नव्या काळाचा समान हक्क, या दोहोंची सांगड जें गांव घालील, त्याला जगाचें भय नाहीं. बारवेंत गाळ पुन्हां सांचणारच. त्या दिवशीं छायाचित्रें घेणारे पुष्कळ येतील. टोपली उचलावयास किती येतात, तें पाहावें.