लोकप्रियता, लोकप्रतिनिधी आणि मतदार



पाणी गाळून पिणे हा जैन कुटुंबाचा पिढ्यान्‌पिढ्यांचा आचार. गाळण्याचे फडके किती पदरी असावे, यावर घरातील वडीलधारी मंडळी आजही वाद घालतात. मात्र पाच वर्षांसाठी देशाचा कारभार ज्याच्या हाती सोपवायचा, त्याला मत देताना तेच कुटुंब किती पदरांतून गाळते? पडद्यावर ओळखीचा झालेला चेहरा रस्त्यावरून उघड्या जीपमधून हात हलवीत गेला, की गाळणे बाजूला राहते आणि ओंजळ पुढे होते.

हा मोह नवा नाही. १९६२ साली उत्तर मुंबईतून तत्कालीन संरक्षणमंत्री व्ही. के. कृष्ण मेनन आणि आचार्य जे. बी. कृपलानी यांच्यात लढत झाली. पंडित नेहरूंच्या विनंतीवरून दिलीपकुमार मेनन यांच्या प्रचारात उतरले. मेनन मोठ्या मताधिक्याने विजयी झाले आणि त्याच वर्षी, चीन युद्धातील पिछेहाटीनंतर, त्यांना संरक्षणमंत्रिपद सोडावे लागले. त्यांचा विजय नटाच्या प्रचारामुळे झाला असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. नेहरूंचा शब्द त्यामागे होता आणि तो फार वजनदार होता. तरीही संरक्षण सिद्धतेविषयीचे कृपलानींचे आक्षेप त्या प्रचाराच्या गजबजाटात किती मतदारांच्या कानी पोहोचले असतील, हा प्रश्न उरतोच.

१९८४ मध्ये कलावंत प्रचारक राहिला नाही, स्वतःच उमेदवार झाला. अलाहाबादमध्ये अमिताभ बच्चन यांनी उत्तर प्रदेशाचे माजी मुख्यमंत्री हेमवतीनंदन बहुगुणा यांचा सुमारे १ लाख ८७ हजार मतांनी पराभव केला. इंदिराजींच्या हत्येनंतरची सहानुभूतीची लाट त्या निकालात होती, हे खरे. पण १९८७ मध्ये बच्चन यांनी खासदारकीचा राजीनामा दिला आणि १९८८ च्या पोटनिवडणुकीपर्यंत त्या मतदारसंघाला लोकसभेत प्रतिनिधीच उरला नाही. ज्यांनी जल्लोषात मते दिली, त्यांना त्या काळात गाऱ्हाणे नेण्यासाठी खासदाराचे दारच नव्हते.

मुंबईकरांना अधिक जवळचे उदाहरण २००४ चे. बोरिवली, कांदिवली, मालाडपासून वसई-विरारकडे पसरलेला तेव्हाचा उत्तर मुंबई मतदारसंघ. जैन समाजाची मोठी वस्ती याच पट्ट्यात. येथून राम नाईक १९८९ पासून सलग पाच वेळा लोकसभेवर निवडून गेले होते. आधी रेल्वेचे राज्यमंत्री आणि नंतर पेट्रोलियममंत्री म्हणून त्यांचे काम लोकांसमोर होते. गॅसजोडणीसाठी वर्षानुवर्षे ताटकळणाऱ्या घरांची यादी त्यांच्याच काळात निकाली निघाली. त्यांच्यासमोर अभिनेते गोविंदा उभे राहिले आणि पहिल्याच प्रयत्नात सुमारे ४८ हजार मतांनी जिंकले. पुढे लोकसभेतील त्यांच्या अल्प उपस्थितीवर वेळोवेळी टीका झाली आणि २००९ ची निवडणूक त्यांनी लढविली नाही.

येथे मतदारांची बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. गोविंदा हे विरारचेच. चाळीतून वर आलेला मुलगा म्हणून त्यांच्याविषयी वाटणारा जिव्हाळा खोटा नव्हता. शिवाय त्या वर्षी मुंबईतील सहापैकी पाच जागा काँग्रेसने जिंकल्या; म्हणजे वारा कोणत्या दिशेने वाहत होता ते स्पष्टच आहे. पाच वेळा निवडून दिलेल्या माणसाला बदलण्याचा अधिकार तर मतदाराला निर्विवाद आहेच. प्रश्न एवढाच, की बदलताना दोन्ही पारड्यांत काय घातले गेले? एका पारड्यात पंधरा वर्षांच्या कामाचा बराच नीरस हिशोब होता: रेल्वे, गॅस, संसदेतील प्रश्न. दुसऱ्या पारड्यात हसवणारी, नाचवणारी तीन तासांची संध्याकाळ होती. रेल्वेच्या प्रश्नावर कोणी टाळ्या वाजवत नाही. पडद्यावर नायक गरिबाची बाजू घेतो, खलनायकाला नमवतो, आणि प्रेक्षक नकळत ते गुण नटाच्या नावावर जमा करतो. ते संवाद दुसऱ्या कोणी लिहिलेले असतात, हे चित्रगृहाबाहेर पडल्यावरही आठवत नाही.

हा दोष एका पक्षाच्या माथी मारण्याचे कारण नाही. त्याच २००४ मध्ये बिकानेरहून भाजपच्या उमेदवारीवर धर्मेंद्र निवडून आले आणि २००९ मध्ये पुन्हा उभे राहिले नाहीत. पक्षांचे गणित साधे असते. वीस वर्षे कार्यकर्ता घडवावा, की तयार चेहरा उसना आणावा? दुसरा मार्ग स्वस्त पडतो आणि मतदार तो स्वस्त ठेवतात.

मग कलावंताने राजकारणात येऊच नये काय? असे म्हणणाऱ्यांनी २००४ मध्येच शेजारच्या वायव्य मुंबईत काय घडले ते पाहावे. तेथून सुनील दत्त पाचव्यांदा निवडून आले. १९८४ मध्ये राम जेठमलानींसारख्या नामांकित विधिज्ञाला हरवून ते प्रथम खासदार झाले, तेव्हा तेही नटच होते आणि मिळालेली मते बहुधा नटालाच होती. परंतु १९८७ मध्ये पंजाब जळत असताना ते मुंबईहून अमृतसरपर्यंत सुमारे दोन हजार किलोमीटर पायी चालत गेले. १९९२-९३ च्या दंगलींत पोळलेल्या लोकांसाठी ते वस्त्यांतून फिरले. मे २००५ मध्ये निधन झाले तेव्हा ते केंद्रात युवक कल्याण व क्रीडा मंत्री होते. म्हणजे व्यवसाय एकच, शहर एकच, वर्षही एकच. आणि तरी दोन खासदारांचे प्रगतिपुस्तक वेगळे. अभिनेता असणे ही पात्रता नव्हे आणि अपात्रताही नव्हे. चेहऱ्यावरून दोन्ही ठिकाणी काहीच कळत नव्हते, कळण्यासाठी काम पाहावे लागत होते.

दक्षिणेकडील मतदार नटांच्या मागे आंधळेपणाने धावतात, असा एक समज आपल्याकडे मोठ्या आत्मविश्वासाने सांगितला जातो. तो तपासून घेण्याजोगा आहे. एन. टी. रामाराव यांनी मार्च १९८२ मध्ये पक्ष काढला आणि जानेवारी १९८३ मध्ये ते मुख्यमंत्री झाले, पण त्या नऊ-दहा महिन्यांत त्यांनी आंध्र प्रदेश अक्षरशः पालथा घातला होता आणि दोन रुपये किलो तांदळाचे ठोस आश्वासन लोकांपुढे ठेवले होते. त्याच राज्यात २००९ मध्ये चिरंजीवींच्या सभांना अफाट गर्दी झाली. जागा मात्र २९४ पैकी १८ मिळाल्या. २०२१ मध्ये कोइंबतूर दक्षिणमध्ये कमल हासन १,७२८ मतांनी हरले. सभेला जाऊन नट पाहायचा आणि मत विचाराने द्यायचे, ही जमेल तशी फारकत तेथील मतदारांनीही केलेली दिसते. मुंबईने त्यांना हसण्यापूर्वी स्वतःचा निकाल पुन्हा वाचावा.

आता प्रचाराच्या यंत्रणेविषयी थोडेसे, कारण ती फार थोड्यांना ठाऊक असते. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम ७७ नुसार पक्ष आपल्या ‘स्टार प्रचारकां’ची यादी निवडणूक आयोगाला देतो. मान्यताप्राप्त पक्षास ४० आणि केवळ नोंदणीकृत पक्षास २० नावे देता येतात. या प्रचारकांच्या प्रवासाचा खर्च उमेदवाराच्या खर्चमर्यादेत धरला जात नाही. महाराष्ट्रात लोकसभेसाठी ही मर्यादा २०२२ पासून ९५ लाख रुपये आहे. म्हणजे विमानाने येऊन गेलेली तारका उमेदवाराच्या वहीत त्या प्रवासापुरती दिसतच नाही! व्यापारी समाजाला जमाखर्चाचा हा प्रकार समजावून सांगण्याची गरज नसावी.

मतदाराच्या वहीत मात्र भर पडली आहे. २ मे २००२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने उमेदवाराची पार्श्वभूमी जाणून घेणे हा मतदाराचा हक्क मानला. संसदेने कायद्यात दुरुस्ती करून तो आक्रसण्याचा प्रयत्न केला, तेव्हा १३ मार्च २००३ च्या निर्णयाने ती तरतूद रद्द झाली. तेव्हापासून प्रत्येक उमेदवाराला आपल्यावरील फौजदारी खटले, स्वतःची व कुटुंबियांची मालमत्ता, देणी आणि शिक्षण प्रतिज्ञापत्रावर जाहीर करावे लागते. हे प्रतिज्ञापत्र निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या सूचनाफलकावर लागते आणि आयोगाच्या संकेतस्थळावर कोणालाही वाचता येते. पूर्वीच्या खासदाराची उपस्थिती व विचारलेले प्रश्नही लोकसभेच्या नोंदीत सापडतात. कोणी पसंत नसेल तर २०१३ पासून ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हे बटण आहे.

ट्रस्टच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत काय होते ते सर्वांना ठाऊक आहे. लेखापरीक्षित हिशोब वाचला जातो, धर्मादाय आयुक्तांकडे तो जाणार असतो, तरी मागच्या रांगेतून एक काका उठतात आणि रंगकामाच्या खर्चातील दोन हजारांचा तपशील विचारतात. विश्वस्त किंचित वैतागतात, सभा हसते, पण तपशील द्यावा लागतो. खासदाराला स्थानिक विकासासाठी वर्षाला पाच कोटी रुपयांची कामे सुचविण्याचा अधिकार असतो. तो निधी कोठे खर्च झाला, हे त्या काकांनी कधी विचारले आहे काय?

विचारायचे तर मतदानाच्या दिवशी गावात असावे लागते, हेही ओघाने आले. २० मे २०२४ रोजी मुंबईत लोकसभेचे मतदान होते, तो सोमवार होता. शनिवार-रविवार जोडून बाहेरगावी गेलेल्या कुटुंबांची संख्या थोडी नसावी. दक्षिण मुंबईत जेमतेम निम्म्या मतदारांनी मत दिले.

उमेदवारी मागे घेण्याच्या अंतिम दिवसापासून मतदानापर्यंत किमान चौदा दिवस कायद्यानेच मिळतात. त्या काळात सभा, मिरवणुका आणि ताऱ्यांचे दौरे होतात. मतदान संपण्यापूर्वीच्या ४८ तासांत जाहीर प्रचार थांबतो, जीप गावाबाहेर जाते, ध्वनिक्षेपक बंद होतो. सूचनाफलकावरील प्रतिज्ञापत्रे तेव्हाही तेथेच असतात.