पेढ्यांचा नव्हे, कूलंटचा वास! गाडीतले वास कसे ओळखायचे?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला सोपं जातं, त्यांच्यासाठी हा भाग लिहून देतोय.

सुरुवात माझ्याच फजितीपासून करतो. मे महिना, दुपारची वेळ. बीडकडून तुळजापूरला निघालो होतो. मागं आई, मावशी आणि दोन पोरं. सरमकुंडी फाट्यावर थांबून पेढे घेतले. तेरखेडा मागं पडलं आणि गाडीत गोडसर वास यायला लागला. आई म्हणाली, "पेढे ताजे दिसतात, कसा वास सुटलाय बघ." सगळे हसलो. येरमाळ्याच्या जवळ आलो, तर टेम्परेचरचा काटा लाल पट्टीला टेकायला निघालेला! बाजूला थांबून बघतो, तर कूलंटचा पाइप चिरलेला आणि खाली हिरवं पाणी टपकतंय.

म्हणजे बघा, काटा हलायच्या आधी पंधरा-वीस मिनिटं गाडी मला सांगत होती. आम्ही डबा उघडून पेढे खात बसलो.

आजचा मुद्दा एवढाच आहे: डॅशबोर्डवरचा दिवा लागायच्या आधी नाकाला कळतं. म्हणून वास आला की पहिल्यांदा परफ्यूमची बाटली उघडू नका. स्वतःला तीन प्रश्न विचारा. वास कशासारखा आहे? कधी येतो, म्हणजे चढावर, ब्रेक मारल्यावर की एसी लावल्यावर? आणि कुठून येतो, आतून की बाहेरून? मेकॅनिकला एवढं नीट सांगितलं, तरी त्याचं अर्धं काम होतं.

आता एकेक वास घेऊ.

गोड, पाकासारखा वास म्हणजे कूलंट. एसी बंद करा, सावलीत थांबा, इंजिन बंद करा. रेडिएटरचं झाकण गरम असताना अजिबात उघडू नका. आतलं उकळतं पाणी दाबानं तोंडावर उडतं. किमान अर्धा तास जाऊ द्या. साधं पाणी टाकून गॅरेजपर्यंत जाता येतं, पण तो कायमचा उपाय नव्हे. आणि सांडलेलं कूलंट धुऊन टाका. चवीला गोड असतं, पण विषारी आहे, कुत्री चाटतात.

जळक्या कागदासारखा वास चढावर आला, तर तो क्लच. सोलापूरकडून येताना तुळजापूरच्या घाटात पुढं उसाची ट्रॉली असली की आपण हाफ क्लचवर गाडी लटकवून ठेवतो. तिथंच प्लेट घासते. पुढच्या गाडीपासून अंतर ठेवा, थांबायचं तर हँडब्रेक लावा, आणि निघाल्यावर पाय क्लचवरून पूर्ण काढा.

असाच जळका, उग्र वास उतारावर आला, तर ब्रेक तापलेत. पेडल मऊ लागत असेल, तर ही धोक्याची घंटा समजा. खालचा गिअर टाका, वेग कमी करा, सुरक्षित जागा बघून थांबा आणि ब्रेक निवू द्या. तापलेल्या चाकावर पाणी ओतू नका, डिस्क वाकडी होऊ शकते किंवा तडकू शकते. सपाट रस्त्यावर हा वास आला, तर आधी हँडब्रेक बघा. तो सुटलेला असेल आणि एकाच चाकाला धग लागत असेल, तर तिथला ब्रेक अडकलाय. हात जवळ नेऊन बघा, लावू नका.

जळक्या प्लास्टिकचा वास आला की वेळ घालवू नका. बाहेरून बसवलेले जादा लाइट, हॉर्न, म्युझिक सिस्टिम यांच्या वायरी फ्यूजशिवाय जोडलेल्या असतात. आपल्याकडं शेताकडेला गाडी लावली की उंदीरही वायरी कुरतडतात. गाडी थांबवा, चावी बंद करा, सगळ्यांना उतरवा. धूर निघत असेल, तर बॉनेट उघडू नका. हवा मिळाली की जाळ भडकतो.

पेट्रोलचा किंवा सीएनजीचा वासही तसाच. सीएनजीला स्वतःचा वास नसतो, गळती कळावी म्हणून मुद्दाम घाण वास मिसळतात. इंजिन बंद करा, लांब उभे राहा. विडी-सिगारेट नाही, पुन्हा स्टार्टर मारून बघणं नाही. मदतीला ११२, आणि राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३.

सडक्या अंड्यांचा वास येत असेल, तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर किंवा जास्त चार्ज होणारी बॅटरी तपासून घ्या. एसी लावल्यावर ओल्या गोधडीसारखा वास आला, तर आत बुरशी धरलीये. केबिन फिल्टर बदला, आणि मुक्कामाच्या पाच मिनिटं आधी एसी बंद करून नुसता पंखा चालू ठेवा.

शेवटचा वास सगळ्यात फसवा. गाडीत सायलेन्सरचा धूर जाणवला, तर काचा उघडा आणि गाडी दाखवा. त्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड हुंगून कळतच नाही. डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते, आणि माणूस उठत नाही. नवरात्रात तुळजापूरच्या पार्किंगला रात्र काढणाऱ्या ड्रायव्हर मित्रांनो, काचा लावून एसी चालू ठेवून झोपू नका. एवढं एक ऐका.

आमच्या त्या दिवसाचं विचाराल, तर गाडी निवायला पाऊण तास गेला. मेकॅनिक आला, पाइप बदलला, आणि दर्शन संध्याकाळी झालं. आता गाडीत गोड वास आला की आई पेढ्यांचा डबा बंद करते आणि म्हणते, "आधी काटा बघ रे."

हा भाग घरात जो गाडी चालवतो, त्याला पाठवा. भेटू पुढच्या भागात. सावकाश चालवा!