तीन भोकांचा फ्लँज
(पनवेल येथील वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)

लक्ष्मणराव किर्लोस्कर १८८५ मध्ये चित्रकला शिकायला मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये आले. काही रंग आपल्याला नीट ओळखता येत नाहीत, हे तिथे लक्षात आले आणि रंगकाम सुटले. यांत्रिक ड्रॉइंग मात्र त्यांनी सोडले नाही. पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते हाच विषय शिकवू लागले. १९०३ चा लोखंडी नांगर आणि १९१० ची किर्लोस्करवाडी या नंतरच्या गोष्टी.

रंगाने अडवलेल्या माणसाला या विद्येने आपले म्हटले, कारण तिचा अर्थ रेघेत असतो. ठळक सलग रेघ म्हणजे समोर दिसणारी कड, तुटक रेघ म्हणजे आड गेलेली कड, लांब-आखूड तुकड्यांची बारीक रेघ म्हणजे मध्यरेषा. कॅडच्या पडद्यावर लेयर रंगीबेरंगी दिसतात खरे. पण प्रिंट काळेपांढरे निघाले की रंगांवर सोपवलेला सगळा अर्थ पुसला जातो. रेघा नीट ठरवलेल्या असतील, तरच ते ड्रॉइंग टर्नरशी बोलते.

घन वस्तू सपाट कागदावर उतरवण्याचे शास्त्र अठराव्या शतकात गास्पार मोंज यांनी फ्रान्समधल्या मेझिएरच्या लष्करी शाळेत, तटबंदीचे प्रश्न सोडवताना बसवले. ते कित्येक वर्षे लष्करी गुपित होते. १७९५ मध्ये पॅरिसला मोंज यांनी त्यावर उघड व्याख्याने दिली. १९६३ मध्ये एमआयटीत टिमथी जॉन्सन यांच्या ‘स्केचपॅड-३’ने एकाच वस्तूचे चार व्ह्यू पडद्यावर एकदम दाखवले. आज सॉलिडवर्क्ससारख्या सॉफ्टवेअरमध्ये मॉडेल तयार असले की फ्रंट, टॉप आणि साइड व्ह्यू काही क्षणांत शीटवर येतात. मग ड्राफ्ट्समनकडे काय उरले?

एक फ्लँज घ्यावा. मधोमध बोअर, भोवती १२० मिलिमीटरच्या पीसीडीवर, म्हणजे तेवढ्या व्यासाच्या वर्तुळावर, तीन भोके, त्यातले एक बरोबर वर. उभा सेक्शन, म्हणजे काप, घेतला तर वरचे भोक केंद्रापासून ६० मिलिमीटरवर दिसते. खालची दोन भोके तिरकी असल्याने खऱ्या प्रक्षेपणात ती केंद्राच्या खाली फक्त ३० मिलिमीटरवर येतात. सॉफ्टवेअर हेच दाखवते आणि भूमितीच्या दृष्टीने ते शंभर टक्के बरोबर असते. पण मशीनपाशी उभ्या असलेल्या कारागिराला त्यातून भोके वेगवेगळ्या अंतरांवर आहेत असे वाटू शकते. जुन्या ड्राफ्ट्समनचा रिवाज असा की खालचे भोक मनाने फिरवून कापाच्या प्रतलात आणायचे आणि खालीही ६० वरच काढायचे. कॅडमध्ये यासाठी अलाइन्ड सेक्शन आहे: कापाची रेषा केंद्रापाशी वळवून खालच्या भोकातून न्यायची. सोय हाताशी आहे. ती कुठे वापरायची, हे मात्र सांगावे लागते.

रिबचेही तसेच. रिब लांबीच्या दिशेने कापली गेली तर तिच्यावर हॅचिंग, म्हणजे कापाच्या तिरक्या रेघा, करत नाहीत, नाहीतर पातळ रिब असलेला ब्रॅकेट भरीव ठोकळ्यासारखा भासतो. शाफ्ट, बोल्ट, नट आणि चावी यांनाही लांबीच्या सेक्शनमध्ये अखंडच ठेवतात. सेक्शन घेताना हे भाग वगळण्याचा पर्याय सॉफ्टवेअर देते. घाईत तो तसाच सोडला, की अख्ख्या पंपाच्या असेंब्लीत शाफ्टसुद्धा तिरक्या रेघांनी भरून जातो. असे ड्रॉइंग वाचायला लावणे हा वाचणाऱ्यावर अन्यायच आहे.

सगळ्यात महागात पडते ती प्रोजेक्शनची गफलत. आपल्याकडे भारतीय मानक ब्युरोच्या एसपी ४६ प्रमाणे फर्स्ट अँगल पद्धत शिकवतात: टॉप व्ह्यू फ्रंटच्या खाली आणि डावीकडून पाहिलेला व्ह्यू उजवीकडे. अमेरिकेत थर्ड अँगल चालते, तिथे हे सारे उलट. अमेरिकी टेम्प्लेट उघडून काम सुरू केले, तर शीट थर्ड अँगलने भरते. तळोज्याच्या एमआयडीसीत फर्स्ट अँगलची सवय असलेल्या कारागिराने ते आपल्या पद्धतीने वाचले, तर डाव्या हाताचा ब्रॅकेट उजव्या हाताचा होऊन बाहेर पडू शकतो. टायटल ब्लॉकमधले निमुळत्या शंकूचे छोटे चिन्ह त्यासाठीच असते. फर्स्ट अँगलमध्ये शंकू डावीकडे आणि दोन वर्तुळे उजवीकडे, थर्डमध्ये वर्तुळे आधी. आयटीआयच्या ड्राफ्ट्समन मेकॅनिकलच्या मुलांनी मापे देण्याआधी हे चिन्ह तपासावे.

मॉडेल बदलले की व्ह्यूही बदलतात, हे कॅडचे मोठे सुख. पण मोठ्या असेंब्लीत काम जड होते म्हणून आपोआप अपडेट होणे बंद ठेवतात; तेव्हा सॉलिडवर्क्स शिळ्या व्ह्यूवर आडव्यातिडव्या रेघा मारून इशारा देते. आधीच निघालेल्या प्रिंटवर असा इशारा कधीच उमटत नाही. म्हणून भोक १२ चे १४ झाले की रिव्हिजनच्या रकान्यात नवे अक्षर आणि तारीख लिहावी लागते, आणि शॉपमध्ये नवे प्रिंट देताना जुने हातात परत घ्यावे लागते.