निरोप समारंभानंतरचा सोमवार

आजचा भाग शहापूरहून, आमच्या घराच्या गच्चीवरून. मागे महामार्गावरच्या ट्रकांचे हॉर्न ऐकू येतील, ते मी काढलेले नाहीत. ज्यांना वाचायला बरं वाटतं त्यांच्यासाठी हा मजकूर नेहमीसारखा इथे टाकतोय.

आजचं बोलणं कला महाविद्यालयातून नुकतेच बाहेर पडलेल्यांसाठी आहे. मी चित्रकार नाही. बी.टेक. केलं, कोड लिहितो. पण माझ्या धाकट्या बहिणीचं बीएफए या उन्हाळ्यात संपलं. निरोप समारंभाला एक चित्रकार पाहुणे होते. स्वप्नं मोठी ठेवा, मनाचं ऐका, यश मागोमाग येतंच, असं ते बोलले. टाळ्या झाल्या. ही एसटीने घरी आली, चित्रांची गुंडाळी कपाटावर ठेवली. बाबांनी जेवताना विचारलं, "मंग आता पुढे का? ड्रॉइंग मास्तरीण होऊन जा." ती काही बोलली नाही. रात्री गच्चीवर मला म्हणाली, "दादा, भाषण छान होतं. पण सोमवारी सकाळी उठून मी करू काय?"

मी गप्प. कारण एक गोष्ट मी तिला सांगितली नव्हती. गेल्या वर्षी आमच्या टीमने बाहेरच्या एका चित्रकाराकडून चित्रं घेणं थांबवलं. मजकूर टाकला की चित्र बनवून देणारी सोय ॲपमध्ये बसवली. ती बसवणारा मीच. मग तिला "मनाचं ऐक" असं मी कोणत्या तोंडाने सांगू?

म्हणून मी उलट शोधायला बसलो. मोठ्या झालेल्या चित्रकारांना, ते कोणीच नव्हते तेव्हा, नेमकं कोणी काय दिलं?

सय्यद हैदर रझा घ्या. जन्म १९२२, मंडला जिल्ह्यातला. शाळेत लक्ष लागेना, तर मास्तरांनी भिंतीवर एक ठिपका काढला आणि याकडे बघत बस म्हणून सांगितलं. पुढे जगभर गाजलेला रझांचा 'बिंदू' तो हाच, असं ते स्वतः सांगायचे. नागपूरच्या कलाशाळेत शिकल्यावर त्यांनी गोंदियात ड्रॉइंग मास्तरकी केली. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यातच होतं, वेगळा जिल्हा झाला १९९९ मध्ये. म्हणजे आपल्याच जिल्ह्यातला ड्रॉइंग मास्तर! पुढे मुंबईला गेले, तिथे पोटासाठी एका ब्लॉक स्टुडिओत नोकरी केली आणि चित्रं सुरूच ठेवली.

१९४८ मध्ये काश्मीरमध्ये त्यांना फ्रेंच छायाचित्रकार हेन्री कार्तिए-ब्रेसाँ भेटले. ब्रेसाँनी चित्रं बघून सांगितलं की हात आहे, पण चित्राची बांधणी कच्ची आहे. सेझानची चित्रं नीट बघ. रझा फ्रेंच शिकले आणि १९५० मध्ये पॅरिसला गेले.

मला ही गोष्ट फार आवडते. यात कौतुक थोडं आहे. पण काय कमी आहे ते कळलं आणि ते कुठे सापडेल तेही कळलं. आमच्याकडे कोड रिव्ह्यू असतो ना, तसंच. "मस्त लिहिलंय" म्हणणाऱ्याने माझं कधी काही सुधारलं नाही. "ही ओळ तुटेल, ते बघ" म्हणणाऱ्याने सुधारलं.

दुसरे शंकर पळशीकर. याच महामार्गाने पुढे गेलं की साकोली लागते, तिथले. मुंबईच्या जे. जे.मध्ये शिकले, तिथेच शिकवायला लागले आणि पुढे अधिष्ठाता झाले. अकबर पदमसी, तय्यब मेहता हे त्यांचे विद्यार्थी. स्वतःची चित्रं काढत काढत त्यांनी आयुष्य शिकवण्यात घातलं. 'मास्तर झाला म्हणजे चित्रकार संपला' असं वाटणाऱ्यांनी साकोलीचं नाव लक्षात ठेवावं.

हे सगळं मी बहिणीला सांगितलं. ॲपचंही सांगितलं. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "त्या चित्रकाराचं पुढे काय झालं?" मला माहीत नव्हतं. मी विचारलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांना फोन लावला. ते आता शाळांच्या भिंती रंगवतात. बहिणीची चित्रं पाठवू का म्हणालो, तर म्हणाले पाठव. दोन दिवसांनी उत्तर आलं: माणसं चांगली, पण जमिनीवर उभी वाटत नाहीत, रोज उभ्या माणसांची वीस स्केचेस कर.

सध्या ती सकाळी बसस्टॉपवर वही घेऊन उभी असते. संध्याकाळी इंटरमिजिएटच्या परीक्षेला बसणारी पाच-सहा पोरं आमच्या ओसरीवर येतात, त्यांची फी तीच ठरवते. बाबा म्हणतात, "मी हेच तं म्हणलं होतं." यातून पुढे काय होईल, मला माहीत नाही. काही न होण्याचीही शक्यता आहे, हे तिलाही ठाऊक आहे.

तर जे चित्रकार हे ऐकतायत, त्यांना एकच विनंती. यंदा पास झालेल्या एका तरी मुलाची चित्रं खरंच बघा. काय कमी आहे ते सांगा, कोणाचं काम बघायचं ते सांगा. जमलं तर एखादं चित्र विकत घ्या. आणि यंदा पास झालेल्यांनो, सोमवारी कोणाला तरी चित्रं दाखवायला जा. कौतुक मागू नका, चूक विचारा.

चला, भेटू पुढच्या भागात.