प्रवेशाची वाट पाहताना
(वार्षिक संमेलनात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



संमेलनात शिक्षणाविषयी बोलावयाचे म्हटले की गुणवंतांचे अभिनंदन आणि उपदेशाचे चार शब्द एवढ्यावर वक्त्याचे काम भागते. अभिनंदन आपण आताच केले व ते यथायोग्यच झाले. परंतु परीक्षेचा निकाल आणि प्रवेशाचा निर्णय यांच्यामध्ये जे आठवडे जातात, त्यांविषयी आपल्या सभांतून फारसे कोणी बोलत नाही. नांदेड आणि लातूर या जिल्ह्यांतील आपल्या घरांत ते दिवस कसे जातात, हे येथे बसलेल्या मातापित्यांस सांगावयास नको. आज मी त्याच दिवसांविषयी बोलणार आहे.

आपल्या भागास वाट पाहणे नवे नाही. निजामी राजवटीत उच्च शिक्षणासाठी हैदराबादेकडे पाहावे लागे. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. मराठी घरातील मुलास तेथपर्यंत पोहोचणे किती कठीण, हे वेगळे सांगावयास नको. हैदराबाद मुक्तिसंग्रामानंतर स्वामी रामानंद तीर्थ यांच्या प्रेरणेने १९५० साली नांदेडास पीपल्स कॉलेज निघाले. २३ ऑगस्ट १९५८ रोजी औरंगाबादेस मराठवाडा विद्यापीठाची स्थापना झाली, आणि १७ सप्टेंबर १९९४ रोजी नांदेडास स्वतंत्र विद्यापीठ आले. लातुरास दयानंद महाविद्यालय १९६१ साली व राजर्षी शाहू महाविद्यालय १९७० साली सुरू झाले. शिक्षण असे पायरीपायरीने आपल्या दाराशी आले.

त्या काळी प्रवेशाची वार्ता कळण्याचे मार्ग थोडे होते. महाविद्यालयाच्या भिंतीवर यादी लागे. ज्यास जाणे शक्य नसे, तो गावातील पोस्टमनची वाट पाही. घाईची वार्ता असली तर तार येई. आणि खेड्यात तार म्हटली की आधी घरातल्यांच्या काळजात धस्स होई. ती तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. भिंतीवरील यादीत एक गुण होता, तो विसरता कामा नये: ती सर्वांस एकाच वेळी दिसे, आणि शंका असल्यास शेजारच्याच खिडकीत बसलेल्या कारकुनास विचारता येई.

आज यादी भिंतीवरून संकेतस्थळावर गेली आहे. व्यावसायिक अभ्यासक्रमांचे प्रवेश राज्याच्या सामायिक प्रवेश परीक्षा कक्षामार्फत फेऱ्याफेऱ्यांनी होतात. अकरावीचे केंद्रीभूत प्रवेश पूर्वी मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक व अमरावती या शहरांपुरते होते. २०२५ साली ते सर्व राज्यास लागू झाले. तेव्हा लातूरच्या महाविद्यालयांत मुलास घालण्यासाठी दूरदूरच्या तालुक्यांतून येणाऱ्या पालकांस प्रथमच ही रीत पाहावी लागली. पहिल्याच दिवशी संकेतस्थळ बंद पडले आणि वेळापत्रक पुढे ढकलावे लागले. या रीतीत पारदर्शकता आहे, वशिल्यास वाव कमी आहे, हे मी मान्य करतो. गावातून उठून पाच महाविद्यालयांच्या पायऱ्या झिजविण्याचे श्रमही वाचले. परंतु वाट पाहणे मात्र संपले नाही. केवळ त्याचे स्थान बदलले.

वैद्यकीय प्रवेशाचे तर विचारूच नका. २०२० साली महामारीमुळे नीट परीक्षाच १३ सप्टेंबरला झाली व निकाल १६ ऑक्टोबरला लागला. २०२४ साली निकाल ४ जूनला लागला, पण प्रश्नपत्रिका फुटल्याच्या तक्रारींमुळे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २३ जुलैला न्यायालयाने फेरपरीक्षा नाकारली आणि २६ जुलैला सुधारित निकाल आला. त्या चौकशीचे धागे लातूरपर्यंत पोहोचले, ही आपणांस खाली मान घालावयास लावणारी गोष्ट होय. परंतु ज्यांचा त्यात काडीचा संबंध नव्हता, अशा असंख्य मुलांनी ते सात-आठ आठवडे कसे काढले असतील, याचा विचार कोणी केला काय?

शिवाय २०२० साली प्रादेशिक सत्तर-तीसचे सूत्र रद्द झाल्यापासून लातूरच्या मुलाचा नंबर गोंदियासही लागू शकतो. यादी लागल्यावर अवघ्या काही दिवसांत मूळ कागदपत्रे व शुल्क घेऊन तेथे हजर व्हावे लागते. म्हणून वार्ता वेळेवर कळणे ही सोयीची बाब राहिलेली नाही. प्रवेश मिळणे किंवा हातचा जाणे त्यावर अवलंबून आहे.

एका खेड्यातील मुलीची हकीकत मला ठाऊक आहे. अर्ज तालुक्याच्या गावी एका केंद्रात भरला. घरी स्वतंत्र दूरध्वनी नाही म्हणून केंद्रचालकाने आपलाच क्रमांक घातला. संदेश आला तो त्याच्याकडे. तो लग्नास परगावी गेलेला. घरी वार्ता कळली तेव्हा मुदत उलटून एक दिवस झाला होता. पुढील फेरीत तिला जागा मिळाली, पण ती दुसऱ्या विषयाची. मुलगी हुशार, यंत्रणा बिनचूक, केंद्रचालकही दुष्ट नव्हे. तरी नुकसान व्हावयाचे ते झालेच.

यावरून मला काही गोष्टी सुचवावयाच्या आहेत. पहिली, अर्जावर क्रमांक घरातीलच असावा आणि सांकेतिक शब्द वहीत लिहून ठेवावा. संदेशावर विसंबून न राहता दररोज ठरल्या वेळी संकेतस्थळ पाहावे. दुसरी, ज्यांस लागू असेल त्यांनी जात पडताळणीचे काम अकरावीतच हाती घ्यावे. आपल्याकडील आजोबा-पणजोबांच्या नोंदी अनेकदा निजामकाळातील उर्दूत किंवा मोडीत असतात. त्या शोधणे, वाचून घेणे यांत महिने जातात. यादीत नाव येऊन कागदावाचून जागा जावी, यासारखे दुःख नाही. तिसरी, आपल्या सभेने मे ते सप्टेंबर कार्यालयात एक नोंदवही ठेवावी. या मार्गाने नुकतेच गेलेले दोन विद्यार्थी तेथे बसवावेत आणि प्रत्येक सभासद-कुटुंबातील अर्जाची रोज विचारपूस व्हावी. यास पैसा फार लागत नाही, आस्था लागते.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. ज्याची निवड झाली त्यास संदेश येतो. ज्याची झाली नाही त्यास बहुधा यादीत आपले नाव नसणे हेच उत्तर मिळते. शेवटच्या प्रवेशाचे गुण संकेतस्थळावर असतात, पण ते शोधून, समजावून देणारा माणूस तेथे नसतो. ते काम घराचे आणि समाजाचे आहे. आणि आपण काय करतो? लग्नात, बारशात, बसस्थानकावर मुलगा दिसताच विचारतो, "काय रे, नंबर लागला का?" प्रश्न आपुलकीचा असेल, परंतु त्या मुलाच्या मनावर त्याचे किती ओझे होते! बंधूंनो, यंदा हा प्रश्न विचारू नका. त्याऐवजी विचारा, "काही मदत हवी का?" मातापित्यांनीही निकालापूर्वीच मुलास सांगावे की या वाटेने न झाल्यास दुसरी वाट आहे: कृषी आहे, विज्ञान आहे, औषधनिर्माण आहे, आणि कोणत्याही वाटेने गेलास तरी तू आमचाच.

गुणवंतांचा सत्कार आपण दरवर्षी करू. त्याचबरोबर ज्यांचे नाव यादीत आले नाही, त्यांच्या घरीही सभेचे कोणी तरी जाऊन बसावे, अशी प्रथा या वर्षापासून सुरू व्हावी, अशी माझी आपणांस नम्र विनंती आहे. त्या घरातील मुलाला समाज आपल्या पाठीशी आहे असे वाटले, तर सभा स्थापन करणाऱ्या आपल्या पूर्वजांचा हेतू सफल झाला असे मी समजेन.