सिद्ध न करता येणारं दुखणं
(दहावी 1990 च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



सूत्रसंचालकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत आणि "काहीतरी प्रेरणादायी बोल" असं बजावलंय. ते मला जमणार नाही. मला एक कबुली द्यायची आहे. 2015 साली आपला पंचविसाव्या वर्षाचा मेळावा झाला, तेव्हा "बँकेत ऑडिट आहे" असं कळवून मी आलो नव्हतो. ते खोटं होतं. मी घरीच होतो. खरं कारण आज सांगतो.

सुरुवात 2012 च्या मे महिन्यापासून. पाऊस तोंडावर आला होता म्हणून गावच्या घराची कौलं शाकारायला वर चढलो होतो. दरवर्षी चढायचो. एक कुजका वासा पायाखाली मोडला आणि मी खाली दगडी जोत्यावर पाठीवर आदळलो. उंची जेमतेम बारा फूट. शुद्धीत होतो, पण पाय दुसऱ्याच कुणाचे असावेत तसे पडले होते. शेजाऱ्यांनी हातपाय धरून उचललं आणि जीपमध्ये घातलं. त्यांनी जिवाच्या आकांतानं केलं, माझा कुणावर राग नाही. पण आपल्यात शेतीवाडीवाले खूप आहेत म्हणून सांगतो, पाठीवर पडलेल्या माणसाला असं उचलू नका. 108 ला फोन करा. हलवावंच लागलं तर मान आणि पाठ सरळ ठेवून, चौघांनी एकदम, फळीवर नाहीतर काढलेल्या दारावर घ्या.

माझा छातीचा शेवटचा, म्हणजे बारावा मणका चुरला होता आणि आतल्या मज्जारज्जूला इजा झाली होती. ऑपरेशन झालं, सळ्या आणि स्क्रू बसले. पाय गेले, लघवी-शौचाचा ताबा गेला. उजव्या पायाला स्पर्श अजिबात कळेना, डाव्याला अर्धवट कळायचा. हळूहळू व्हीलचेअर चालवायला शिकलो, ठरल्या वेळी नळी घालून लघवी काढायला शिकलो. वर्षाच्या आत बँकेत माझ्या टेबलावर परत बसलो. इथपर्यंतची गोष्ट तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. तुम्ही पैसे जमवलेत, भेटायला आलात. ते मी विसरलेलो नाही.

तुम्हाला जे माहीत नाही, ते अपघातानंतर तिसऱ्या महिन्यात सुरू झालं. एका रात्री तळपाय जळायला लागले. निखाऱ्यावर धरल्यासारखे. मध्येच मांडीतून करंट जायचा, इतका की खुर्चीत दचकायचो. कंबरेभोवती कुणी सुंभ आवळतंय असं वाटायचं. पाय बघावेत तर थंड, जागच्या जागी. घरचे विचारायचे, "अहो, टाचणी टोचली तर कळत नाही, मग जळतं कसं?" त्यांचं चुकत नव्हतं. मलाही तेच कळत नव्हतं.

साध्या दुखऱ्या गोळ्यांनी काही होईना. एका ठिकाणी सांगितलं, हा मनाचा खेळ आहे, मन रमवा. मन रमवायला मी दिवसभर खतावण्या तपासायचो, त्यात बरं वाटायचंही. पण रात्री दोन वाजता खतावणी नसते. हळूहळू मी सांगणंच बंद केलं. "कसा आहेस?" म्हटलं की "मजेत." फोन आला की "मीटिंगमध्ये आहे." बायकोच्या मैत्रिणी म्हणायच्या, "भाऊजी फार धीराचे आहेत." धीर कसला, मी फक्त गप्प होतो.

मेळाव्याच्या आदल्या रात्री थंडी होती. माझा मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा. बाबांचे पाय उघडे आहेत म्हणून त्यानं हलकेच माझ्या पायांवर गोधडी टाकली. डाव्या पायाला स्पर्श कळायचा तो चुकीचाच कळायचा. कापडाची कड लागली तरी तापलेला तवा टेकल्यासारखं व्हायचं. मी ओरडलो आणि त्याला ढकललं. तो कपाटावर आपटला, त्याचा ओठ फुटला. तो रडला नाही. माझ्याकडे बघत राहिला आणि आईच्या मागे गेला. पुढे कितीतरी दिवस तो माझ्या खोलीत आला नाही.

दुसऱ्या दिवशी तुम्ही इथं जमलात आणि मी भिंतीकडे तोंड करून पडून होतो. ते ऑडिट हे होतं.

त्यानंतर बायकोनं मला शहरातल्या वेदना-चिकित्सेच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी आधी एमआरआय मागितला नाही. विचारलं, "जळतं का? करंट बसतो का? मुंग्या येतात का? नुसत्या स्पर्शानं वाढतं का?" चारही प्रश्नांना हो म्हणताना माझा आवाज फुटला. माझ्या दुखण्याला प्रश्न असतात हेच मला पहिल्यांदा कळत होतं. ते म्हणाले, "हे खरं दुखणं आहे. मज्जारज्जूला इजा झालेल्या पुष्कळ लोकांना होतं."

त्यांनी समजावलं ते माझ्या भाषेत सांगतो. आपल्या घरी रेडिओ असायचा. स्टेशन सुटलं की तो गप्प बसायचा नाही, खरखर करायचा. पायाकडून येणारे निरोप मज्जारज्जूत अडकले किंवा अर्धवट पोचू लागले की त्यापुढच्या नसा आणि मेंदू अतिसावध होतात. निरोप नसतानाही स्वतःच आवाज काढतात आणि मेंदूला तो पायातून आला असं वाटतं. पायात जखम नाही, बिघाड तारेत आहे. म्हणून साधी दुखरी गोळी तिथं फारशी पोचत नाही. त्याला नसांचा चेव कमी करणारी औषधं लागतात. मला प्रीगाबॅलिन सुरू केलं, थोड्या डोसनं, हळूहळू वाढवत. पहिले पंधरा दिवस गुंगी यायची, पाय सुजले, वजन वाढलं. मनानं कमी करायचं नाही, एकदम बंद तर मुळीच करायचं नाही, अशी ताकीद मिळाली. डॉक्टरांनी एक गोष्ट स्वच्छ सांगितली, "शून्य होणार नाही. दहाचं पाच-सहा करू." त्या आकड्यावर मी गेली दहा वर्षं जगतोय.

पुढे आणखी एक शिकलो. दुखणं अचानक वाढलं की नुसतं सोसायचं नाही, कारण शोधायचं. एकदा तीन दिवस आग आग झाली, तर लघवीचा संसर्ग निघाला. बद्धकोष्ठ, बसून बसून झालेली जखम, यांनीही वाढतं. म्हणून अर्ध्या तासाच्या आत एकदा हातांवर जोर देऊन बूड उचलतो, रोज आरशात कातडी बघतो. आता इथंही मध्येच मी उचललो गेलो तर टाळ्यांसाठी उठतोय असं समजू नका.

मुलाचं राहिलं. डॉक्टरांनी त्यालाही रेडिओची गोष्ट सांगितली. घरी आल्यावर त्यानं किराण्याचं मोठं खोकं घेतलं, एक बाजू कापली आणि पायथ्याशी उपडं ठेवलं. त्यावरून गोधडी टाकली. पाय आत उबेला, कापड पायाला लागत नाही. मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "बाबा, आधी सांगायचं ना." आता तो इंजिनिअरिंगला आहे. खोकी किती बदलली, पण पायथ्याला अजून खोकंच आहे.

काही जण मला म्हणतात, पेटकरांकडे बघ. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर. 1965 च्या युद्धात गोळ्या झेलल्या आणि 1972 मध्ये हायडेलबर्गला अपंगांच्या ऑलिंपिकमध्ये पोहण्याचं सुवर्णपदक जिंकलं. त्यांच्यापुढे मी हात जोडतो. पण माझ्यासारख्याचं पदक म्हणजे रात्रीची सलग चार तास झोप. तीही मिळवावी लागते.

आपले भूमितीचे सर समोर बसले आहेत. सर, तुम्ही फळ्यावर तीन शब्द लिहायचात, पक्ष, साध्य, सिद्धता. आकृतीत दिसतंय म्हणून खरं धरलं की छडी बसायची. माझी अडचण उलटी झाली. खरं आहे, पण आकृतीत दिसत नाही. एमआरआयमध्ये मज्जारज्जूचा व्रण दिसतो, जळणं दिसत नाही. अपंगत्वाच्या दाखल्यावर टक्के आहेत, ते पायांच्या हालचालीचे. दुखण्याला रकाना नाही. तीन वर्षं मी सिद्धता देत बसलो आणि ती जमत नाही म्हणून गप्प झालो. पण सर, तुम्हीच शिकवलं होतंत की काही गोष्टी सिद्ध करायच्या नसतात, त्या मान्य करून पुढे जायचं असतं. त्यांना गृहीतक म्हणतात.

माझं मागणं तेवढंच आहे. आपल्यातही कुणाला मधुमेहानं पायाची आग होत असेल, कुणाची नागीण बरी होऊनही जागा जळत असेल. "मला दुखतंय" असं कुणी म्हटलं तर ते गृहीतक धरा. उपाय लगेच सांगू नका. आणि तो येणार नाही असं समजून बोलावणं थांबवू नका. माझा बाकावरचा सोबती माझ्याकडे दर रविवारी येतो. दुखण्याचं विचारत नाही, कॅरम मांडतो. मी मध्येच डोळे मिटले तर थांबतो, उघडले की म्हणतो, "तुझी पाळी." त्याचे उपकार मी मोजत नाही, कारण तो कॅरममध्ये लबाडी करतो.

आज सकाळी याच मंडळींनी शाळेच्या तीन पायऱ्यांवर फळ्या टाकून मला वर ढकललं. चौघांना घाम फुटला. कारण उतार चुकलाय. नियम आहे, एक फूट उंचीला बारा फूट लांबी. पायऱ्या मिळून दीड फूट, म्हणजे अठरा फूट हवेत. तुम्ही सहा फुटांत उरकलंत. सर, यांचं गणित अजून कच्चं आहे.

मेळाव्याचे पैसे उरले तर तो उतार पक्का बांधा. पुढच्या वेळी मी ऑडिटचं कारण सांगणार नाही. दुखत असेल तर "दुखतंय" असं सांगेन, आणि तरी येईन.