पित्याने ऐकावयास शिकणे
(प्राथमिक शिक्षकांच्या मेळाव्यात झालेले भाषण)



विशेष गरजा असलेले मूल शाळेत घालावयास बहुधा त्याची आई येते. बाप फाटकाबाहेर उभा राहतो, किंवा येतच नाही. अशा बापास निष्ठुर ठरविण्याची घाई शिक्षकाने करू नये. पुष्कळदा तो भ्यालेला असतो. जपानी कादंबरीकार केन्झाबुरो ओए ह्यांचे उदाहरण ह्या संबंधात विचारात घेण्यासारखे आहे.

१९६३ साली, वयाच्या २८ व्या वर्षी, ओए ह्यांस पहिला मुलगा झाला. बालकाच्या कवटीस जन्मतःच व्यंग होते. शस्त्रक्रिया न केल्यास ते दगावणार, आणि केल्यास बुद्धीने अधू राहण्याचा संभव, असे डॉक्टरांचे म्हणणे पडले. तरुण पित्याचा धीर सुटला. मूल इस्पितळात असतानाच ते वृत्तान्तलेखनाच्या कामासाठी हिरोशिमास निघून गेले. अणुबाँबने पोळलेल्या माणसांवर वर्षानुवर्षे उपचार करणारे डॉक्टर त्यांस तेथे भेटले. उपाय पुरा पडत नाही हे ठाऊक असूनही ती माणसे आपल्या कामावर टिकून होती. ओए परतले, ते मुलाला जगविण्याचा निश्चय करूनच. त्याचे नाव ठेविले हिकारी, म्हणजे प्रकाश. पुढील वर्षी प्रसिद्ध झालेल्या कादंबरीत अशाच अर्भकापासून पळू पाहणारा बाप त्यांनी रंगविला. त्याच्या मनातील हीन विचारही झाकून ठेविले नाहीत.

तथापि निश्चय केल्याने कोणी बाप होत नाही. हिकारी माणसांच्या बोलण्यास प्रतिसाद देत नसे. पाखरांच्या आवाजाकडे मात्र त्याचे लक्ष जाई. हे ध्यानात येताच आईबापांनी पक्ष्यांच्या आवाजांचे ध्वनिमुद्रण घरात लावण्याचा क्रम ठेविला. पक्ष्याची साद, आणि निवेदकाने सांगितलेले त्याचे नाव. मग दुसरा पक्षी. वर्षांमागून वर्षे हेच चालले, आणि त्या काळात मुलाकडून एकही शब्द मिळाला नाही. फळ्यावरील एक अक्षर आपण किती दिवस शिकवून कंटाळतो, ह्याचा येथे विचार व्हावा!

हिकारी सहा वर्षांचा असताना कुटुंब उन्हाळ्यात रानातील घरी राहिले होते. झाडीपलीकडील तळ्यावरून कुइना नावाच्या पाणपक्ष्याचा आवाज आला, आणि मुलाने निवेदकाच्याच स्वरात त्या पक्ष्याचे नाव सांगितले. तो त्याचा पहिला शब्द. तेथून पितापुत्रांचे बोलणे सुरू झाले.

पुढे हिकारी संगीतरचना करू लागला व १९९२ साली त्याच्या रचनांची तबकडी निघाली. परंतु ही गोष्ट येथे गौण आहे. अशा प्रत्येक मुलात संगीतकार दडलेला असतो असे पालकांस सांगणे ही शुद्ध फसवणूक होईल.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने ह्या मुलांस इतरांबरोबर शिकण्याचा हक्क दिला आहे. बापास मुलाजवळ आणण्याचे काम मात्र कायद्याच्या हातून होत नाही. 'मूल बोलते का?' असे विचारल्यास बाप मान खाली घालतो. 'ते कशाकडे कान देते?' असे विचारल्यास त्यास उत्तर येत नाही. पण घरी गेल्यावर तो पाहू लागतो. (मुलाच्या कानांची तपासणी अर्थात आधी झालेली असावी.) कोणाचे मूल बैलाच्या घुंगरांकडे वळेल, कोणाचे पिठाच्या गिरणीकडे. तो आवाज होताच बापाने त्या वस्तूचे नाव एकदाच, स्पष्ट उच्चारावे; मुलाकडून वदवून घेण्याचा हट्ट धरू नये. आठ दिवसांनी शिक्षकाने त्याची विचारपूस करावी, आणि तीही चावडीवर चारचौघांत नव्हे, त्याच्या घराच्या ओट्यावर बसून करावी.